आधी टायर, मग मागची सीट, मग गाडी

टोरांटो, मिसिसागा, शिकागो, मिनिआपोलिस अशा थंड शहरांतल्या मराठी घरांमध्ये सप्टेंबर उजाडला की गाडीचा विषय निघतो. पुण्याहून, नाशिकहून किंवा ठाण्याहून आलेल्या तरुण जोडप्यानं पहिले एक-दोन हिवाळे बस आणि ट्रेनवर काढलेले असतात. मूल झालं की ते जमत नाही. डे-केअरची वेळ पाळावी लागते, डॉक्टरच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि उणे पंधरा अंशांत तान्ह्या बाळाला घेऊन बसस्टॉपवर उभं राहण्याची कुणाची हिंमत होत नाही. मग ओळखीपाळखीतून सल्ले येतात. त्यांचा सूर बहुतेक एकच असतो: ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या, मोठी एसयूव्ही घ्या आणि निर्धास्त व्हा. सल्ला देणारे आपुलकीनंच देतात, तरी मला तो चुकीच्या टोकापासून सुरू झालेला वाटतो. बर्फाच्या रस्त्यावर लहान मुलाला वाचवणाऱ्या गोष्टींची यादी केली, तर चारही चाकांना मिळणारी ताकद आणि गाडीचा आकार त्यात बरेच खाली लागतात. सगळ्यांत वर टायर येतात. त्यांच्यामागे मुलाची कार सीट आणि ती जिथे बसवायची ती गाडीची मागची बाजू. उरलेली गाडी त्यानंतर. पैसा आणि लक्ष, दोन्ही याच क्रमानं खर्च व्हायला हवेत. घरोघरी दिसतो तो मात्र उलटा क्रम. सगळं बजेट गाडी खाऊन टाकते, कार सीट बेबी शॉवरच्या भेटीत येते आणि विंटर टायरचं ‘पुढच्या वर्षी बघू’ होतं.

सुरुवात थांबण्यापासून करू. गाडी निघाली नाही तर उशीर होतो. थांबली नाही तर अपघात होतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, म्हणजे ब्रेक पूर्ण लागल्यावर ती साधारण १४ मीटरांत थांबते. चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर हाच अंक ०.२ पर्यंत उतरतो आणि तेवढ्याच वेगाच्या गाडीला जवळपास ५० मीटर लागतात. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर, ज्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात, ०.१ धरला तर शंभर मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एखादा सेकंद वेगळा, त्यात आणखी १४ मीटर गेलेले असतात. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातलं हे गणित पुन्हा मांडून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात गाडीचं वजन शेवटी उरतच नाही. वजन वाढलं की टायरची पकड वाढते आणि त्याच प्रमाणात थांबवायचा भारही वाढतो. दोन्ही बाजूंनी वस्तुमान कटून जातं. उरतात फक्त दोन गोष्टी, वेग आणि घर्षण. अडीच टनांची एसयूव्ही बर्फावर दीड टनाच्या सेडानपेक्षा लवकर थांबेल असं मानायला काहीही आधार नाही. वेग चालकाच्या हाती असतो. घर्षण ठरतं ते चार टायर रस्त्याला जिथे टेकतात तिथे, आणि ती प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते.

आता ऑल-व्हील ड्राइव्हचं काय, ते पाहू. या यंत्रणेत इंजिनाची ताकद दोनऐवजी चारही चाकांपर्यंत पोचते. त्यामुळे बर्फात रुतलेली गाडी सुटते, चढ चढते, सिग्नल हिरवा झाल्यावर चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. हा फायदा खरा आहे. पण ब्रेक मात्र आजच्या प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, ताकद दोन चाकांना मिळो की चारांना. थांबण्याच्या बाबतीत ऑल-व्हील ड्राइव्हच्या गाडीकडे साध्या गाडीपेक्षा जास्तीचं काहीच नसतं. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ लागली तर तिला धरून ठेवायला रबराची पकडच लागते, आणि ती ड्राइव्ह-शाफ्ट वाढवून मिळत नाही. उलट एक धोका निर्माण होतो. साध्या गाडीत निघताना चाक घसरलं की रस्ता निसरडा असल्याचं चालकाला तिथेच कळतं. ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी अलगद निघून जाते, वेग सहज घेते, आणि रस्त्याची खरी अवस्था कळते ती पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबल्यावर. बर्फाची सवय नसलेल्या, मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर गाडी शिकलेल्या चालकासाठी ही पहिली सूचना फार मोलाची असते. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं बर्फावर घेतलेल्या चाचण्यांतूनही हेच पुढे आलं की थांबण्यात आणि वळण्यात विंटर टायरचा वाटा ऑल-व्हील ड्राइव्हपेक्षा मोठा आहे.

याचा अर्थ ऑल-व्हील ड्राइव्ह कुणीच घेऊ नये असा मी काढत नाही. घर चढावर असेल, गावाबाहेर स्नो-प्लाउ उशिरा पोचत असेल, रात्रपाळीची नोकरी असेल, तर ती घ्यावीच. भर बर्फात अडकून पडणं हाही मुलांसाठी धोकाच आहे. माझा आक्षेप तिच्या भरवशावर टायर टाळण्याला आहे. दोन्हींसाठी पैसे नसतील तर टायर आधी.

टायरबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या अनुभवातून त्याची कल्पना येत नाही. महाराष्ट्रात टायर म्हणजे नक्षी झिजली की बदलायची वस्तू. बर्फाच्या प्रदेशात रबर कशाचं आहे हा प्रश्न नक्षीपेक्षा मोठा ठरतो. तापमान साधारण सात अंशांखाली गेलं की समर टायर आणि बरेचसे ऑल-सीझन टायर कडक होऊ लागतात, आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला चिकटत नाही. विंटर टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण जास्त असतं आणि मिश्रण असं केलेलं असतं की उणे वीसलाही ते लवचीक राहतं. त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या उघडतात, मिटतात आणि बर्फात दात रोवतात. टायरच्या बाजूवर काय छापलंय तेही वाचायला शिकावं. नुसतं ‘एम प्लस एस’ असेल तर ते नक्षीचं वर्णन आहे, चाचणी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाण नव्हे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण हे चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. तेच शोधायचं. टायर बसवायचे ते चार. पैसे वाचवण्यासाठी पुढच्या दोनच चाकांना विंटर टायर लावले तर पुढची बाजू धरते, मागची सुटते, आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. मूल तर मागेच बसलेलं असतं.

क्युबेक प्रांतानं २००८ पासून हिवाळ्यात खासगी गाड्यांना विंटर टायर सक्तीचे केले. आता ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च आहे. त्या सक्तीनंतर प्रांताच्या परिवहन खात्यानं केलेल्या अभ्यासात हिवाळी अपघातांतल्या जखमींची संख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा आकडा लहान वाटेल, पण सक्तीच्या आधीच बहुसंख्य क्युबेकवासी विंटर टायर वापरत होते, हे ध्यानात घेतलं की त्याचं वजन कळतं. सुधारणा झाली ती उरलेल्या थोड्या गाड्यांमध्ये. ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून असे टायर लागतात. स्वीडनमध्ये रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च त्यांची सक्ती आहे. कॅनडातले आपले सर्वांत जास्त लोक जिथे राहतात त्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्यांना हप्त्यात सवलत द्यावीच लागते. नफ्या-तोट्याचा हिशेब करणारा विमा व्यवसाय ज्या गोष्टीसाठी हप्ता कमी करतो, तिला हौस म्हणून सोडून देता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की शहरातले रस्ते साफ केलेले असतात, मीठ टाकलेलं असतं. हिवाळ्यात खरोखर बर्फावर गाडी चालवायची वेळ मोजक्याच दिवशी येते, तेवढ्यासाठी हजार-दीड हजार डॉलर का घालायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, सात अंशांचा नियम कोरड्या थंड रस्त्यालाही लागू आहे, आणि तशी थंडी टोरांटोत चार महिने असते. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या १९७५ ते २००० या काळातल्या अपघातांचा एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बर्फाच्या दिवशी प्राणघातक अपघात कोरड्या दिवसांपेक्षा कमी आढळले, कारण लोक हळू चालवतात. जखमी होण्याचे आणि गाड्या ठोकल्या जाण्याचे प्रसंग मात्र वाढले. अपवाद होता मोसमातल्या पहिल्या बर्फाचा. त्या दिवशी मृत्यूचं प्रमाण नंतरच्या बर्फाच्या दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. धोका असा दिवसांमध्ये सारखा वाटलेला नसतो. तो त्या मोजक्या दिवसांतच, त्यातही पहिल्या दिवशी, साठलेला असतो, आणि तो दिवस कुणाला आधी कळवून येत नाही. पैशाचं म्हणाल तर हिवाळ्यात समर टायर गॅरेजमध्ये पडून असतात, म्हणजे झिजत नाहीत. दोन संच मिळून जवळपास दुप्पट वर्षं जातात. खरा जादा खर्च रिम्सचा आणि वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा. तेही जमत नसेल तर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर ही तडजोड आहे. विंटर टायरइतके ते चांगले नाहीत, पण साध्या ऑल-सीझनपेक्षा बर्फावर बरेच बरे.

मोठ्या गाडीचा मुद्दा अधिक अवघड आहे आणि तो उडवून लावता येत नाही. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्यांना कमी इजा होते, हेही भौतिकशास्त्रच सांगतं. म्हणून फार लहान, फार हलकी गाडी मुलांसाठी घेऊ नये, हे मला मान्य आहे. मध्यम आकाराच्या पुढे मात्र हा फायदा वेगानं कमी होत जातो आणि तोटे वाढत जातात. ते तोटे पहिल्यांदा आपल्याच दारात दिसतात. अमेरिकेतली आयआयएचएस ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग-सुरक्षा संस्था आहे. तिच्या २०२३ च्या अभ्यासात ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड जमिनीपासून ४० इंचांहून उंच आहे त्या, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा, पादचाऱ्याला धडकल्यावर त्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. चाळीस इंच म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाची उंची. जानेवारीत ड्राइव्ह-वेच्या दोन्ही बाजूंना उपसलेल्या बर्फाचे ढीग छातीपर्यंत आलेले असतात, लवकर अंधार पडतो, आणि गडद रंगाचा स्नोसूट घातलेलं पोर त्या ढिगावरून घसरगुंडी करत असतं. अशा वेळी चालकाला बॉनेटपुढची जमीन किती जवळून दिसते हे तपासणं मी गाडीच्या कुठल्याही तारांकित गुणांपेक्षा वर ठेवीन. अमेरिकेत २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि त्यामागचा कायदा घरच्याच गाडीखाली सापडून गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावानं ओळखला जातो. पुढच्या बाजूसाठी असा नियम नाही. शिवाय बर्फात मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर मिठाचा चिखल बसतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही, तो भाग वेगळाच.

उंच गाडी उलटण्याची भीती पूर्वी खरी होती. गाडी घसरू लागताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा आली आणि ती भीती पुष्कळ कमी झाली. एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघाताचा धोका या यंत्रणेनं सुमारे निम्म्यावर आणला. सप्टेंबर २०११ पासून अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे ती नव्या गाड्यांत सक्तीची आहे. बेताचं बजेट असलेल्या कुटुंबासाठी ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण आठ-दहा वर्षांच्या जुन्या गाडीतही हिवाळ्यासाठीचं सर्वांत मोलाचं उपकरण आधीच बसवलेलं असतं. त्यानंतर आलेली आपोआप ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी साधनं चांगली आहेत, असावीत. पण त्यांचे डोळे म्हणजे पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार. बर्फाचा थर बसला की ती बंद पडल्याचा संदेश डॅशबोर्डवर येतो. चालू असली तरी त्यांनाही थांबायला तेच घर्षण लागतं.

आता मागच्या सीटकडे वळू. गाडी निवडताना या भागाची चौकशी सर्वांत कमी होते. अमेरिकन सरकारच्या तारांकित मानांकनात समोरून आदळण्याची चाचणी होते तेव्हा पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात. वर्षानुवर्षं कंपन्यांनी पुढची बाजू सुधारली: अपघाताच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणा, मग छातीवर फार दाब येऊ नये म्हणून तो थोडा सोडणारी यंत्रणा, एअरबॅगा. मागे बऱ्याच गाड्यांत साधा पट्टाच राहिला. परिणामी २००७ आणि नंतरच्या गाड्यांत पट्टा बांधून मागे बसलेल्याचा जीव जाण्याचा धोका पुढे बसलेल्यापेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त असल्याचं आयआयएचएसला आढळलं. म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या संस्थेनं चालकामागच्या सीटवर, लहानखुऱ्या स्त्रीच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या अंगलटीचा पुतळा बसवून नवी चाचणी सुरू केली. पहिल्या फेरीत १५ छोट्या एसयूव्ही होत्या. त्यांतल्या फक्त दोन ‘चांगल्या’ ठरल्या आणि नऊ ‘वाईट’. काही महिन्यांनी चार मिनिव्हॅन तपासल्या. एकही ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’ या श्रेणीत बसली नाही. खास कुटुंबांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या याच गाड्या होत्या.

हे वाचून कुणी मुलाला पुढे बसवू नये. तेरा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागेच आहे, कारण पुढची एअरबॅग लहान शरीराला घातक ठरू शकते. पाच बिंदूंच्या हार्नेसमध्ये बसलेल्या बाळाला गाडीच्या मागच्या पट्ट्यातली उणीव फारशी भोवत नाही, त्याला सीट सांभाळते. पण आज बाळासाठी घेतलेली गाडी घरात आठ-दहा वर्षं राहते. तेच बाळ नऊ वर्षांचं होऊन बूस्टरवर, मग नुसत्या पट्ट्यावर याच गाडीत बसणार असतं, आणि मधल्या काळात भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबाही मागेच बसतात. म्हणून विकत घ्यायच्या मॉडेलचं आणि नेमक्या वर्षाचं या नव्या चाचणीतलं स्थान बघून घ्यावं. ते आयआयएचएसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

कार सीटच्या बाबतीत स्वीडननं जगाला वाट दाखवली. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल अल्डमान यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीर प्रक्षेपणाच्या वेळी पाठीवर भार घेत बसतात हे पाहून लहान मुलाला उलट्या दिशेनं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, बसवण्याची सीट घडवली. कारण सरळ आहे. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या उंचीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नसतात. समोरून धक्का बसला तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं मानेला ओढत पुढे जातं. उलट बसलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलं अशी बसतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१८ मध्ये दोन वर्षांची अट काढून, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर उलटंच बसवा, असं सांगितलं. पाय दुमडले जातात ही आई-वडिलांची नेहमीची काळजी असते. मुलांना त्याचा त्रास होत नाही, आणि झालाच तर पाय मानेपेक्षा केव्हाही परवडतात.

नीट वापरलेली कार सीट मोटारीतल्या एक वर्षाखालच्या बाळाचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी करते. पण अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाच्या पाहणीत ४६ टक्के सीट चुकीच्या पद्धतीनं वापरलेल्या आढळल्या. यातल्या बऱ्याच चुका गाडीमुळे होतात, आणि इथेच गाडीची निवड कामी येते. कार सीट अडकवायचे खालचे दोन आकडे काही गाड्यांत सहज दिसतात, काहींत गादीच्या फटीत इतके खोल असतात की हात सोलून निघतो. पुढे तोंड असलेल्या हार्नेसच्या सीटचा वरचा टेदर पट्टा अडकवला की मुलाचं डोकं चार ते सहा इंच कमी पुढे जातं. तरी तो अडकवायची जागा शोधता न आल्यानं अनेक जण तो तसाच लोंबता ठेवतात. मधल्या सीटला बहुधा स्वतंत्र आकडे नसतात, तिसऱ्या रांगेत तर अनेकदा नसतातच. म्हणून शोरूमला जाताना स्वतःची कार सीट सोबत न्यावी, विक्रेत्यासमोर ती बसवून पाहावी आणि घट्ट धरून हलवावी. पट्टा जिथून जातो तिथे ती एका इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. उलटी सीट लागल्यावर पुढची सीट किती पुढे सरकते तेही बघावं, कारण चालकाची छाती स्टिअरिंगपासून किमान दहा इंच लांब राहिली पाहिजे. हे सगळं एकदा करून पाहिलं की सनरूफ आणि स्क्रीनच्या आकाराचं आकर्षण आपोआप ओसरतं. सरकत्या दाराची मिनिव्हॅन इथे एसयूव्हीपेक्षा सरस ठरते. निसरड्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला दार न लागता मोठ्या माणसाला आत शिरता येतं, दार लावून उबेत मुलाचे पट्टे शांतपणे बांधता येतात. घाईत आणि वाऱ्यात कुडकुडत बांधलेला पट्टा सैल राहतो. मागच्या सीटच्या चाचणीत मिनिव्हॅन कमी पडल्या होत्या, तेव्हा ही निवड करताना दोन्ही बाजू मोजाव्या लागतील; माझ्या मते मुलं चार वर्षांच्या आत असतील तर दाराचं पारडं जड आहे. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: भारतातून किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणलेली सीट कॅनडात चालत नाही. तिच्यावर कॅनडाचं मेपलच्या पानाचं राष्ट्रीय सुरक्षा चिन्ह लागतं.

आता कोटाचा विषय. फुगीर पफर जॅकेट किंवा स्नोसूट घातलेल्या मुलाला हार्नेस घट्ट बांधल्यासारखा वाटतो, पण धक्का बसताच त्या कपड्यातली हवा निघून जाते आणि पट्टा आणि अंग यांच्यात मोकळी जागा तयार होते. घरीच करून पाहता येतं. कोट घालून पट्टा घट्ट करावा, तसाच ठेवून मुलाला बाहेर काढावं, कोट उतरवावा आणि परत बसवावं. मग किती बोटं आत जातात ते पाहावं. घरातल्या आजीला हे पटवणं अवघड जातं, आणि तिची बाजू समजून घ्यायला हवी. ज्या पिढीनं बाळाला झबलं, स्वेटर, कानटोपी आणि वर दुपटं गुंडाळून वाढवलं, तिला बर्फात कोट काढणं अघोरी वाटणारच. उत्तर असं की ऊब कमी करायची नाहीच, फक्त पट्ट्याच्या वर आणायची. अंगात फ्लीसचे पातळ थर, कानटोपी आणि मोजे तसेच, हार्नेस अंगाला चिकटून, आणि त्यावर कोट उलटा पांघरून किंवा गोधडी. गाडी आधी गरम करून घ्यावी. बाळाला मांडीवर घेऊन बसण्याचा आग्रह मात्र मान्यच करू नये. ताशी ५० च्या वेगानं आदळलेली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे दोनशे किलोचा जोर लागतो. तो कुणाच्याच हातात नसतो.

गाडी गरम करताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. २०१६ च्या जानेवारीत ईशान्य अमेरिकेतल्या हिमवादळात न्यू जर्सीतल्या पसेइक इथे एक आई मुलांना घेऊन सुरू असलेल्या गाडीत बसली होती आणि वडील बाहेर बर्फ उपसत होते. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आई आणि एक वर्षाचा मुलगा गेले. गाडी सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर मोकळा करणं आणि बंद गॅरेजमध्ये गाडी कधीच सुरू न ठेवणं, हे घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्या आलेल्या आजोबांनाही, माहीत असलं पाहिजे. विजेच्या गाडीला हा धोका नाही. तिची अडचण वेगळी. कडाक्याच्या थंडीत हीटर लावून तिचा पल्ला बराच घटतो, म्हणून रोजच्या फेरीच्या दुप्पट पल्ला हाताशी राहील अशी घ्यावी. २०२२ च्या जानेवारीत व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर बर्फामुळे शेकडो गाड्या रात्रभर, काही चोवीस तासांहून अधिक, अडकल्या. पेट्रोलची असो की विजेची, हिवाळ्यात टाकी किंवा बॅटरी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. गोधड्या, पाणी, मुलांचा खाऊ आणि डायपर डिकीत असू द्यावेत.

एका कुटुंबाकडे गाडीसाठी ठरावीक रक्कम आहे असं धरू. माझा निवाडा असा. त्यातून आधी चार विंटर टायर रिम्ससह आणि मुलाच्या वजन-उंचीला बसणारी नवी कार सीट यांचे पैसे बाजूला काढावेत. उरलेल्या रकमेत २०१२ नंतरची, मागच्या सीटची चाचणी झाली असेल तर तीत टिकलेली, आपली सीट जिच्यात घट्ट बसते आणि जिच्या बॉनेटपुढचं मूल दिसतं अशी मध्यम आकाराची गाडी घ्यावी, सेकंड-हँड असली तरी चालेल. एक श्रेणी वरची, चकचकीत, चारही चाकं चालवणारी, पण फॅक्टरीतले ऑल-सीझन टायर तसेच ठेवलेली गाडी हा मुलांसाठी याहून कमी सुरक्षित सौदा आहे.

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमाला लहान मुलांची कुटुंबं हमखास येतात. त्या दिवशी पार्किंगमध्ये दोन तासांसाठी प्रशिक्षित कार सीट तंत्रज्ञ बोलवा आणि प्रत्येक सीट तपासून घ्या. अग्निशमन केंद्रं, पोलीस आणि इस्पितळं ही मदत बहुतेक ठिकाणी फुकट देतात. आणि टायर बदलायची वेळ ऑक्टोबरातच ठरवून टाका. पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजमध्ये दोन-दोन आठवडे जागा मिळत नाही.